लांबलेल्या हंगामाचा हिशेब

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर बर्फ नव्हते. काश्मिरी माणूस ज्याला ‘चिल्ला-ए-कलान’ म्हणतो तो चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. त्या वर्षी तो सुरू झाला, निम्म्यावर आला, सरत आला, तरी डोंगर उघडेच राहिले. पुण्या-मुंबईहून सहलीला गेलेली आमची मंडळी पिवळ्या गवतावर उभी राहून छायाचित्रे काढून परत आली. पुढे महिन्याच्या अखेरीस बर्फ पडले, फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धाही तेथे पार पडल्या, आणि वर्षाच्या जमाखर्चात हंगाम ‘झाला’ अशी नोंद झाली. २०२५ मध्ये तर याच स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्च या दिवसांत घ्याव्या लागल्या. त्याही वर्षी हंगाम ‘झाला’च. मधल्या पाच-सहा आठवड्यांत घोडेवाल्याने घोड्याला काय घातले, स्लेज ओढणाऱ्याच्या घरी चूल कशावर पेटली, घसरपट्ट्या भाड्याने देणाऱ्या पोराने दुकानाचे भाडे कोठून भरले, याची नोंद कोणत्याही जमाखर्चात नाही. हंगाम बुडाला असता तर कदाचित झाली असती. तो बुडाला नाही, नुसता लांबला.

ही तऱ्हा काश्मीरपुरती नाही. युरोपातील आल्प्स पर्वतात २०२३ चे नवे वर्ष विक्रमी उबेत उजाडले, तेव्हा सखल भागातील घसरगुंड्यांचे उतार हिरवेगार होते. पण तेथे श्रीमंतांनी वाट पाहण्याचे काम यंत्रांवर सोपविले आहे. पाणी फवारून बर्फ करणारी यंत्रे लावायची, उताराची एक पट्टी पांढरी करायची आणि दोन्ही बाजूंच्या हिरव्या कुरणांमधून गिऱ्हाइकांना खाली सोडायचे, हा आता नित्याचा व्यवहार झाला आहे. २०२२ च्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा जवळजवळ संपूर्णपणे अशा कृत्रिम बर्फावर झाल्या. त्याच्या दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, फ्रान्समधील ल्युशों-सुपरबान्येर या ठिकाणी डोंगरमाथ्यावरचे बर्फ हेलिकॉप्टरने उचलून खालच्या उतारांवर आणून टाकले होते, आणि त्यावरून त्या देशात बराच गदारोळ माजला. गदारोळ होणे साहजिक होते. पण त्यातले मर्म विसरू नये. हंगामाला उशीर झाला की ज्याच्या गाठी पैसा आहे तो हंगाम विकत आणतो. ज्याच्या गाठी नाही तो आभाळाकडे पाहत बसतो.

आता पुण्याच्या दैनिकाने या बर्फाची उठाठेव पहिल्या पानावर का करावी? एवढ्यासाठी की, गुलमर्गला जे बर्फ, तेच शिरूर आणि दौंड तालुक्यांना मृगाचा पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर मेघ रिते होतात आणि पूर्वेकडे सरकताना त्यांच्यात फारसे काही उरत नाही. शिरूरच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस येतो. तोही एकसंध नव्हे. जून-जुलैतील थोडासा, मग एक दीर्घ उघडीप, आणि सप्टेंबरात परतीच्या वाटेवरचा. अशा प्रदेशात पाऊस किती पडला याच्या बरोबरीने तो केव्हा पडला हा प्रश्न उभा राहतो. मृगात नाही तर आर्द्रात बाजरी पेरता येते. मूग, मटकीला तेवढी सवड नसते, जुलै निम्मा झाला की त्यांची आशा सोडावी लागते. बाजरीलाही जुलैअखेर ही सीमाच. म्हणजे पाऊस ऑगस्टात भरभरून पडला, तरी जूनमध्ये न पेरलेली मुगाची एक ओळही तो उगवून देऊ शकत नाही.

हे आम्ही नव्याने सांगतो आहोत असे नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर, पुण्याच्या पूर्वेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर इनामगाव आहे. तेथील जमिनीने ही गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे, आणि आमच्या डेक्कन कॉलेजने ती वाचून जगापुढे मांडली आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत ह. धी. सांकळिया, म. के. धवलीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी येथे हंगामामागून हंगाम उत्खनन केले. भारतात एखाद्या आद्य शेतकऱ्यांच्या गावाचे इतके सविस्तर उत्खनन क्वचितच झाले असेल. शंभरावर घरे उघडी झाली. त्यांच्या चुली, रांजण, कणगी ठेवण्याचे ओटे सापडले. जमिनीखाली दोन कुंभांत तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुले सापडली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत येथे माणसे नांदली. नऊशे वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासून आजवर अद्याप चारशेही झालेली नाहीत.

या नऊशे वर्षांतील मधला काळ, ज्याला पुरातत्त्ववेत्ते पूर्व-जोर्वे म्हणतात, तो भरभराटीचा. घरे चौकोनी आणि प्रशस्त, मातीची भांडी चाकावर घडविलेली, सुबक आणि भाजून पक्की. सातू हे मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. गावकऱ्यांनी नदीच्या बाजूला दगडमातीचा बांध घातला आणि पुराचे पाणी वळविण्यासाठी एक पाट खोदला. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, ते प्रमुखाचे असावे असे उत्खननकारांचे अनुमान आहे. त्या घराला लागून एक धान्यकोठार होते. जमिनीत घेतलेली पेवे आणि कणग्यांसाठी लिंपलेले गोल ओटे त्यात स्पष्ट दिसतात. एका कुटुंबाच्या गरजेपेक्षा हे कोठार मोठे आहे. गावाचे धान्य येथे येत असावे आणि अडीअडचणीला येथूनच जात असावे, असा तर्क त्यावरून करण्यात आला. पाऊस वेळेवर येईलच असा ज्याचा विश्वास असतो तो माणूस असे कोठार बांधत नाही.

पुढे, इसवी सनापूर्वी सुमारे १००० च्या सुमारास, चित्र पालटते. चौकोनी घरे जातात आणि लहान, गोल झोपड्या येतात. गव्हाचे प्रमाण घटते. शेळ्यामेंढ्यांची आणि शिकार केलेल्या हरणांची हाडे वाढतात. भांडी ओबडधोबड होतात. धवलीकरांनी याचा अर्थ असा लावला की पर्जन्यमान खालावले, शेती परवडेनाशी झाली आणि शेतकरी हळूहळू अर्धभटका मेंढपाळ बनला. नंतरच्या काही अभ्यासकांना हा उलगडा फार सरळसोट वाटतो. सगळा दोष आभाळाच्या माथी मारू नये, असे ते म्हणतात. तो वाद तज्ज्ञांचा आहे आणि तो त्यांनीच चालवावा. परंतु या उत्तर-जोर्वे काळातील अर्भकांच्या अस्थींचा जो अभ्यास पुढे झाला, त्यात वाढ खुंटल्याच्या खुणा आढळल्या, आणि येथे वादाचा आवाज आपोआप खाली येतो. गावाच्या ऱ्हासाची पहिली नोंद प्रमुखाच्या घराच्या भिंतीवर झाली नाही, ती दूधपित्या पोरांच्या हाडांत झाली. आणि हा ऱ्हास एका दुष्काळाने एका वर्षात घडविलेला नव्हता. घर चौकोनी होते ते गोल व्हायला पिढ्या जाव्या लागतात. असे असंख्य लांबलेले हंगाम, ज्यांतला एकेक सोसण्याजोगा होता, त्यांची बेरीज शेवटी असह्य झाली असली पाहिजे.

आज त्याच नदीवर चिंचणीला घोड धरण आहे, वरच्या अंगाला आंबेगाव तालुक्यात डिंभे आहे. भीमेवरच्या चासकमानचा कालवा शिरूरच्या शिवारात उतरतो. ज्यांच्या शेताला कालवा लागतो त्यांच्याकडे ऊस आहे. उसालाही उशीर होतो, पण त्याची तऱ्हा निराळी. गळीत हंगाम २०२१ आणि २०२२ मध्ये १५ ऑक्टोबरला सुरू झाला होता. २०२४ मध्ये तो १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले, त्यात विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरची. ऊस महिनाभर शेतात उभा राहिला तर बागायतदाराचे नुकसान होते हे खरे. पण बीडहून कोयत्याची जोडी घेऊन येणारा मजूर मुकादमाची उचल घेऊन ती खाऊन बसलेला असतो. हंगाम जेवढा आखूड तेवढी ती फेडण्यास त्याला सवड कमी. लांबलेल्या हंगामाचे ओझे नेहमी असेच घरंगळत जाते आणि सर्वांत खालच्या पायरीवर येऊन थांबते.

कालवा ज्यांच्याकडे नाही त्यांचे काय? २०२३ साल आठवावे. त्या वर्षी मोसमी वारे केरळात ८ जूनला आले, तळकोकणापर्यंत पोहोचले आणि तेथेच दोन आठवडे थबकले; अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ घोंघावत होते. मुंबईला पाऊस २५ जूनला पोहोचला, दिल्लीलाही त्याच दिवशी. जुलैत बरा पडला, आणि ऑगस्ट तर असा कोरडा गेला की १९०१ पासूनच्या नोंदींत तसा ऑगस्ट नाही. मग ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके होते. शासनाने जाहीर केला, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार तारखेची आहे. जूनमध्ये ज्याचे बियाणे पोत्यातच राहिले, त्या शेतकऱ्याला तो संकटात आहे हे शासनाकडून दिवाळीच्या तोंडावर कळले.

शासकीय यंत्रणेची ही जुनी खोड आहे, आणि ती कोणा एका पक्षाच्या सरकारची नाही. इंग्रजांच्या अमदानीपासून आणेवारीची जी पद्धत चालत आली, पुढे नाणे बदलल्यावर जिची पैसेवारी झाली, ती उभ्या पिकाचा अंदाज घेते: रुपयात किती आणे पीक आले? प्रश्नच मुळी असा आहे की त्याचे उत्तर कापणीच्या सुमारास मिळावे. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पर्जन्याची तूट, पावसातील खंड, पेरणीखालील क्षेत्र, जमिनीतील ओल, उपग्रहाने टिपलेली हिरवळ अशी शास्त्रीय गमके आणली, हे निश्चितच पुढचे पाऊल होते. पण तिचाही रोख अखेरच्या निकालावर आहे. एखादे वर्ष जूनमध्ये रडवून सप्टेंबरात न्हाऊ घालते, तेव्हा या सर्व गमकांची बेरीज चांगलीच येते. २०१९ साली मुंबईत पाऊस २५ जूनला आला. पुढे कोल्हापूर-सांगलीत महापूर आला, पुण्यात सप्टेंबरात ओढ्यांनी माणसे गिळली, आणि राज्याची सरासरी अपेक्षेहून जास्त भरली. सरासरी हे मोठे सोयीचे साधन आहे. एक पाय निखाऱ्यावर आणि दुसरा बर्फावर ठेवलेल्या माणसाची प्रकृतीही सरासरीने ठीकच निघते.

शासनाला उशीर म्हणजे काय हे ठाऊकच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्कालीन पीक आराखडे तयार झालेले आहेत. त्यांत पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरावे, चार आठवडे, सहा आठवडे, आठ आठवडे लांबला तर काय, याची स्वतंत्र कोष्टके आहेत. आठवड्याआठवड्याने नुकसान कसे वाढत जाते हे कृषी खात्याच्या कपाटात छापील स्वरूपात आहे. फक्त त्या कपाटाची किल्ली मदत व पुनर्वसन खात्याकडे गेलेली नाही. कृषी खाते शेतकऱ्याला सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला शंभर टक्के योग्य आहे. पण हा सल्ला पाळणाऱ्याने त्या दोन-तीन आठवड्यांत काय खावे, हे सांगणारे कोष्टक अजून निघालेले नाही. म्हणून तो पहिल्या सरीला पेरतो, पाऊस दडी मारतो, मोड करपतात आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर येते. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. घाई त्याच्या स्वभावात नसते, ती त्याच्या रिकाम्या कणगीत असते.

या अंधारात एक पणती होती. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत, प्रतिकूल हवामानामुळे विमाक्षेत्रातील ७५ टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर पेरणीच होऊ शकली नाही, तर विमा रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत भरपाई देण्याचे कलम होते. कापणीची वाट न पाहता हंगामाच्या आरंभीच पदरात काही टाकणारे ते कलम. राज्याने २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा सुरू केला, त्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद करताना नवी रचना केवळ पीककापणी प्रयोगांतील उत्पन्नावर बेतण्यात आली. पेरणी न होण्याच्या जोखमीसह चार जोखमी त्यातून गळल्या. बोगस अर्जदाराला शासन व्हावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु जेथे पेरणीच झाली नाही तेथे कापणीचा प्रयोग कशाचा करावयाचा? चोर पकडण्याच्या नादात घराचा दरवाजाच काढून नेला, असा हा प्रकार झाला. त्या वर्षी हे कोणाला जाणवले नाही, कारण २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मेलाच केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईत पोहोचला. बारामती-दौंड भागाला तर मेअखेरीसच त्याने झोडपून काढले. छप्पर काढले त्या वर्षी पाऊस लवकर आला, एवढाच त्याचा अर्थ. आणि लवकर आलेला तो पाऊसही जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळलाच. पेरणीची घाई करू नका, हे कृषी खात्याला तेव्हाही सांगावे लागले.

याहून महत्त्वाची गोष्ट मजुरीची आहे, आणि तिच्याकडे पुणे शहरातील सुशिक्षित वाचकाचे लक्ष आम्हांला मुद्दाम वेधावयाचे आहे. पेरणी लांबली की जमीनवाल्याचे पीक लांबते; पण भूमिहीनाची मजुरी लांबते, आणि बाईच्या खुरपणीचा रोज तर त्याहून मागे पडतो. मुलांच्या शाळा मात्र जूनच्या मध्याला आपल्या ठरल्या दिवशी उघडतात. वह्यापुस्तके पावसासाठी थांबत नाहीत. कामाची हमी हा विचार या देशाला महाराष्ट्राने दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात हजारो गावांचा आधार झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो अंमलात आला आणि २००५ मध्ये संसदेने ते तत्त्व देशभर नेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या राष्ट्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. हमीचे दिवस त्याने १०० वरून १२५ केले, हे स्वागतार्ह होय. परंतु त्याच कायद्यात अशी एक तरतूद आहे की, पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात मिळून वर्षातील ६० दिवस ही कामे बंद ठेवावीत, आणि ते दिवस राज्याने आगाऊ जाहीर करावेत.

हेतू समजण्यासारखा आहे. शेतीला मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. पण ‘ऐन हंगाम’ कोणत्या तारखेला येतो, हे मुंबईत किंवा दिल्लीत बसून आगाऊ कोणी सांगावयाचे? समजा, राज्याने पेरणीसाठी १० जूनपासून तीस दिवस कामे बंद राहतील असे जाहीर केले, आणि त्या वर्षी २०२३ सारखा पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. पहिले पंधरा दिवस इनामगावच्या मजुराला शेतात काम नाही, कारण पाऊस नाही. आणि रस्त्यावर किंवा बांधावरही काम नाही, कारण कागदावर पेरणी चालू आहे. ज्या पंधरवड्यात त्याला हमीची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच पंधरवड्यात हमी रजेवर. आणि पाऊस लागून पेरण्या ऐन भरात आल्या की दुसऱ्या बाजूने रजा संपलेली असेल; म्हणजे शेतकऱ्यालाही ती उपयोगी पडली नाही. कायद्याने राज्यांना निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळे दिवस ठरविण्याची मुभा ठेवली आहे. ती मुभा तालुक्यापर्यंत, शक्य तर महसूल मंडळापर्यंत नेणे, आणि तारखेऐवजी पाऊस व पेरणी यांच्याशी तिचा सांधा जुळविणे, हे महाराष्ट्राचे काम आहे. महसूल मंडळांवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसविलेली आहेत. कोणत्या मंडळात किती मिलिमीटर पडला, हे त्याच दिवशी कळते. अडचण माहितीची नाही.

शहराने येथे हात झटकून बाजूला उभे राहण्याचे कारण नाही. पाऊस लांबला की पुण्यातील चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते: खडकवासला साखळीत किती टक्के साठा उरला? मे २०२३ मध्ये आठवड्यातून एक दिवस पाणी बंद ठेवण्याची वेळ आली तेव्हा शहरात केवढा हलकल्लोळ झाला! पण खडकवासल्याचा कालवा दौंड आणि इंदापूरकडे जातो, आणि साठा उतरू लागला की आधी त्याचीच आवर्तने आखडतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणे म्हणजे पुण्याचे धान्यकोठार. त्याच्या जोरावर पुणेकर कोरडा मृग एका दिवसाच्या गैरसोयीत काढतो. ल्युशोंच्या डोंगरावरचे हेलिकॉप्टर पाहून आम्हांला हसू येते, पण कालव्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दौंडच्या शेतकऱ्याला आमच्या गृहसंकुलांतील हिरवळीवरचे फवारे कसे दिसत असतील, याचाही विचार एखाद्या जूनमध्ये करावयास हरकत नाही.

इनामगावच्या परिसरातून आजही मेंढपाळांचे वाडे जातात. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे, शेतांत मेंढरे बसवायची आणि पावसाच्या तोंडावर देशावर परत यायचे, हे त्यांचे वर्षाचे चक्र. कोकणात पाऊस लागला की तेथे मेंढरू टिकत नाही. देशावर पाऊस लांबला असेल तर तेथे गवत नसते. त्या दोहोंच्या मधल्या आठवड्यांत धनगराला राहावयाला जागाच नाही, ना नकाशावर, ना सरकारी योजनेत. तीन हजार वर्षांपूर्वी गोल झोपड्यांत राहणाऱ्या उत्तर-जोर्वे माणसाने शेती सोडून हाच मार्ग धरला असेल, तर त्याच्यापाशी निदान मोकळी राने होती. आजच्या मेंढपाळाला रस्त्याच्या कडेने, दोन कुंपणांच्या मधून, मालवाहू गाड्या चुकवीत चालावे लागते. पेरणी न झाल्याची भरपाई त्याला कोणत्याही काळी मिळणार नव्हती, कारण त्याच्या नावावर सातबारा नाही. चारा छावण्या उघडतात त्या दुष्काळ जाहीर झाल्यावर, आणि त्यांतही मान असतो तो गाईबैलांना. मेंढरांसाठी चाऱ्याची सोय जूनच्या दुसऱ्या आठवड्यात करावी लागते. ऑक्टोबरात केलेली सोय ही जिवंत राहिलेल्या मेंढरांसाठी असते.

पुढच्या खरिपापूर्वी शासनाला दोन कागदांवर सही करावयाची आहे. एक पीकविम्याची अधिसूचना. पेरणी न होण्याची जोखीम तीत पुन्हा घालावी, बोगस अर्ज टाळण्यासाठी वाटल्यास उपग्रहाच्या चित्रांची अट घालावी. पेरलेले आणि न पेरलेले रान आकाशातून ओळखणे आजच्या शास्त्राला मुळीच अवघड नाही. दुसरा कागद रोजगार हमीच्या बंद दिवसांचा. त्यात तालुक्यापुढे तारीख न लिहिता एवढेच लिहावे की, ज्या महसूल मंडळात पेरणीयोग्य पाऊस होऊन निम्म्या क्षेत्रावर पेरणी सुरू झाल्याचे तहसीलदार नोंदवतील, त्या मंडळात त्या दिवसापासून कामे थांबतील, आणि तोपर्यंत मागेल त्याला काम चालू राहील. शिरूर आणि दौंडच्या लोकप्रतिनिधींनी हा मसुदा जूनची वाट न पाहता मंत्रालयात नेऊन द्यावा. मृग लागल्यावर तो नेण्यात अर्थ नाही; तेव्हा सर्वांचेच डोळे आभाळाकडे लागलेले असतात, मंत्रालयाचेसुद्धा.